दहा लाख डॉलरचे अंथरूण

विश्रामबागेतल्या उद्यानातला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा ओस पडला, तो मंडळी देवाघरी गेली म्हणून नव्हे. मंडळी पुन्हा कामाला लागली होती.

भरत बिरनाळे नेहमीच्या दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर येऊन बसले. दोन वर्षांपूर्वी इथे सकाळी टेकायला जागा मिळत नसे. गुडघे, साखर, सुनांचे स्वयंपाक आणि द्राक्षांचे भाव, सगळ्यांचा समाचार इथे घेतला जाई. आज कट्ट्यावर ते आणि एक मांजर. समोर बॅडमिंटनचा डाव रंगला होता. खेळणाऱ्यांपैकी दोघे पंच्याहत्तरीचे होते, पण ते माहीत होते म्हणून. नवख्याला ओळखता आले नसते.

फाटकातून रावसाहेब खोत झपझप येताना दिसले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ मागच्या दिवाळीपर्यंत काठी टेकत यायचा. आज त्यांच्या गळ्यात साखर कारखान्याचे ओळखपत्र लोंबत होते.

"बसा की रावसाहेब, पाच मिनिटं."

"बसायला वेळ कुठला, अण्णा! हजेरी चुकली की अर्धा दिवस कापतात." रावसाहेब उभ्याउभ्याच म्हणाले. "उजळणी घेऊन वय उतरवलं की पेन्शन बंद. कायद्यानं आपण ज्येष्ठ राहत नाही ना! गुडघे नवे, नोकरी नवी, साहेबसुद्धा नवा. माझ्या नातवाचा वर्गमित्र आहे." ते खळखळून हसले. "तुमचं बरं आहे बघा. डॉलरवाल्याला कसली आलीय हजेरी?"

रावसाहेब गेले. त्यांचे शेवटचे वाक्य भरतरावांच्या मनात बराच वेळ गोड लागत राहिले. खरे तर गेली चौदा वर्षे हे वाक्य ते वेगवेगळ्या तोंडून ऐकत होते आणि दर वेळी ते तितकेच गोड लागे.

ह्यूस्टनमध्ये तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या पाइपलाइनचे आराखडे काढण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. एका शनिवारी दुपारी संगणकावर खाते उघडले, तर आकड्यात एकावर सहा शून्ये दिसली. त्यांनी पत्नीला, त्रिशलाबाईंना, हाक मारली. त्या कणकेच्या हातांनीच आल्या, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "झालं ना आता? परत जायचं?" भरतराव म्हणाले, "अजून थोडं. जरा निर्धास्त वाटेपर्यंत." ते थोडे पुढे आठ वर्षे चालले.

कवठेपिरानला त्यांच्या वडिलांनी एका मुनींसमोर परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतले होते. इतकी जमीन, इतके सोने. त्यापलीकडे आपले म्हणून काही ठेवायचे नाही. पुढे विहिरीला पाणी लागून उत्पन्न वाढले, तेव्हा म्हाताऱ्याने वरचे सगळे वसतिगृहाला देऊन टाकले. भरतराव गमतीने म्हणत, "मीही परिमाण ठरवलंय, फक्त डॉलरमध्ये." परिमाण पुरे होऊन आठ वर्षे उलटल्यावर ते सांगलीला परतले. दहा लाख डॉलर म्हणजे माणूस श्रीमंत, यात त्यांना कधी शंका आली नव्हती. सांगलीलाही आली नव्हती.

त्याच आठवड्यात दोघांना मिरजेच्या उजळणी केंद्राचे बोलावणे आले.

केंद्रात डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी दोघांच्या दंडातून कणभर ऊतक काढून यंत्राखाली धरले. पडद्यावर पेशी दिसू लागल्या, कडा विरलेल्या, सुस्त.

"या पेशींना काही रोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यांना विसर पडलाय. आपलं काम काय, ते जनुकांत लिहिलेलं असतंच. पण कोणतं पान केव्हा उघडायचं, याच्या खुणा वयाबरोबर पुसट होतात. आम्ही पेशींना त्या खुणा परत लावून देतो. लहानपणी पाढ्यांची उजळणी करायचो ना आपण? तसंच. सहा महिन्यांत शरीर पन्नाशीला येतं आणि मग पुन्हा सावकाश पुढं सरकतं. पुढं दर दहा वर्षांनी एक छोटी उजळणी."

"किती वर्षं मिळतात?" त्रिशलाबाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात एक वेगळीच उत्सुकता होती. ती भरतरावांच्या कानावर पडली, पण लक्षात आली नाही.

"घेतलेल्यांपैकी म्हातारपणाने अजून कुणी गेलेलं नाही. आमचा अंदाज एकशेतीसपर्यंतचा आहे."

त्रिशलाबाईंना पुढच्या तपासण्यांसाठी आत नेले आणि भरतरावांना शेजारच्या खोलीत. तिथे ईशान लाटकर नावाचा निर्वाह-सल्लागार बसला होता. उजळणीआधी प्रत्येकाला याच्याकडे जावेच लागे. पहिल्या वर्षी अनेकांनी आयुष्य वाढवून घेतले आणि खायचे वांधे झाल्यावर सरकारच्या दारात येऊन बसले. तेव्हापासून हा नियम झाला होता.

ईशानने माहिती भरली. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. निळी आयुष्याची, नारिंगी पैशाची.

"काका, निर्वाहाच्या तीन श्रेणी आहेत. काम न करता ज्यांचा पैसा शेवटपर्यंत पुरतो ते सधन. काम करून भागवतात ते सक्षम. आणि राहिलेले अवलंबित."

"मी पहिल्यात," भरतराव सहज म्हणाले.

ईशानने पडदा त्यांच्याकडे वळवला. नारिंगी रेघ निम्म्या वाटेवरच तळाला टेकली होती. निळी तिला मागे टाकून एकटीच पुढे निघाली होती.

"काहीतरी चुकलंय. दहा लाख डॉलर आहेत ते. व्याजावरच—"

"व्याज राहिलंय कुठं, काका? आता सगळेच पुढच्या साठ-सत्तर वर्षांसाठी साठवतायत. बँकांकडे पैसा इतका तुंबलाय की तो ठेवून घ्यायचेच पैसे मागतील एखाद दिवशी. त्यात घरं रिकामी होत नाहीत, म्हणून भाडी वाढली. माणसं वाढली, म्हणून धान्य महागलं. तुम्हाला मुद्दलच खावं लागणार."

"म्हणजे मी श्रीमंत नाही?" हे त्यांनी रागाने विचारले नव्हते. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. आयुष्यभर ज्या पट्टीने माप घेतले, ती पट्टीच कोणीतरी कापडासारखी ओढून ताणल्यासारखे वाटत होते.

ईशान जरा अवघडला. "तुमच्या पैशाला काही झालेलं नाही. आपण अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो ना... अंथरूण तेवढंच आहे, काका. पाय लांब झाले."

भरतराव रेघांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एकट्या माणसाचं दाखवा. फक्त तिचं."

नारिंगी रेघ उठली आणि निळीला लागून थेट शेवटपर्यंत गेली.

"माझं नाव मागं घेता येतं?"

"येतं. पण पंच्याहत्तरी उलटली की उजळणी लागू पडत नाही. तुम्ही बहात्तरचे आहात. नीट विचार करा."

भरतरावांनी विचार केला नाही. त्यांना वाटले, तो झालेलाच आहे.

परतीच्या रिक्षात त्यांनी त्रिशलाबाईंना सांगितले, "माझ्या हृदयाला झेपणार नाही म्हणतात. तू घे. काळजी करू नकोस, तुला काही कमी पडणार नाही." त्रिशलाबाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला, तो घर येईपर्यंत काढला नाही. आपण काहीतरी मोठे केले आहे, या विचाराने भरतरावांचा ऊर भरून आला होता.

पुढच्या आठवड्यात त्रिशलाबाई शेवटच्या तपासणीसाठी एकट्याच मिरजेला गेल्या. दुपारी परतल्या तेव्हा भरतराव जेवायला थांबले होते. त्रिशलाबाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली, भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसून म्हणाल्या, "मुजावर डॉक्टर विचारत होत्या, काकांनी नाव का मागं घेतलं? त्यांचं हृदय तर तुमच्यापेक्षा धडधाकट आहे."

भरतरावांचा घास हातातच राहिला.

"पैसे दोघांना पुरत नाहीत, त्रिशला. मी हिशेब बघितला. एकाला पुरतात."

"माझ्या साठ वर्षांचा हिशेब तुम्ही मला न विचारता केलात?"

"तुझ्यासाठीच केला ना!"

"माझ्यासाठी!" त्यांचा आवाज चढला नाही, पण भरतरावांनी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. "ह्यूस्टनला माझ्या व्हिसावर काय लिहिलं होतं, आठवतं? हिला काम करता येणार नाही. तिथल्या त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी वीस वर्षं काढली. कोल्हापूरला माझा प्रबंध अर्धा पडला होता. क्षारपड जमिनीतले जिवाणू. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला सांगितलं होतं, लग्न कर, पण हे सोडू नकोस. मी सोडलं. तुम्ही मोजत होतात पैसे, मी मोजत होते वर्षं. तुमचे वाढत गेले, माझी संपत गेली."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. 'अजून थोडं' म्हणायचात फक्त." त्यांनी नवऱ्याच्या ताटात चटणी वाढली, सवयीने वाढली. "अहो, तुम्हाला ती साठ वर्षं खर्चाची वाटली. कोण जगवणार, कशावर जगायचं! मला ती मिळकत वाटते. कुणीतरी माझ्या पदरात साठ वर्षं टाकतंय. याच्यापेक्षा मोठी रक्कम मी जन्मात पाहिलेली नाही. मी उजळणी घेणार आणि कामाला लागणार. तुम्ही घ्या, नाहीतर नका घेऊ. पण माझ्यासाठी म्हणून मरायचं नाही. ते ओझं मी साठ वर्षं वाहणार नाही."

भरतरावांनी घास ताटात परत ठेवला.

"आणि एक सांगा," त्या थोड्या मऊ झाल्या. "पैशाचं जाऊ दे. पैसा पुरणार असता, तर या वर्षांत तुम्हाला काय करायचं होतं?"

मोठा इंजिनियर, दोन देश पाहिलेला माणूस. पण भरतरावांना एकही गोष्ट आठवेना.

त्रिशलाबाईंनी उजळणी घेतली. पहिल्या महिन्यात त्यांना नुसती भूक लागत होती. मग भांगापाशी काळे केस दिसू लागले. एका सकाळी त्या चष्मा न लावता वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या आणि ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आले नव्हते. भरतराव हे सगळे मोठ्या कुतूहलाने पाहत. रेल्वेच्या खिडकीतून गाव मागे जाताना पाहावे तसे. फक्त इथे गाव पुढे चालले होते आणि डब्यात ते होते. मंडईत भाजीवाली म्हणाली, "ताई, वडलांना पिशवी उचलायला लावू नका हो." दोघे घरी येईपर्यंत हसत होते. घरी आल्यावर मात्र भरतरावांनी आरशात जरा जास्त वेळ पाहिले.

मधूनच एक प्रश्न ते कोणालाही विचारीत. रावसाहेबांना विचारले, "श्रीमंत म्हणजे कोण हो?" रावसाहेब म्हणाले, "पूर्वी मला वाटायचं, ज्याला सकाळी कुठं जायचं नसतं तो. आता वाटतं, ज्याला जावंसं वाटतं तो." मग घाईघाईने हजेरीला पळाले.

त्रिशलाबाई पुन्हा विद्यापीठात दाखल झाल्या. त्यांच्या मार्गदर्शक त्यांची मुलगी शोभाव्यात अशा वयाच्या होत्या. प्रबंधासाठी आता प्रयोगशाळेतली माती पुरेशी नव्हती, खरी जमीन हवी होती. एका रविवारी त्या भरतरावांना घेऊन शिरोळच्या बाजूला कृष्णाकाठी गेल्या.

जमीन पाहून भरतरावांना चमत्कारिक वाटले. नदी हाकेच्या अंतरावर, आजूबाजूला हिरवा ऊस, आणि मध्ये हा सात एकरांचा पांढरा फटफटीत तुकडा. पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. दोन पिढ्यांनी पाटाचे पाणी भरमसाट पाजले. पाणी खालचे क्षार घेऊन वर आले, आणि ते वरच राहिले.

जमिनीची मालकीण वाट पाहत उभी होती. राजश्री ढवळे, तिशीची, कुपवाडच्या एका कारखान्यात पवनचक्कीची पाती तयार करणारी तंत्रज्ञ. आजोबांकडून ही जमीन तिच्या वाट्याला आली होती आणि तिच्या आयुष्यात तिथे कुसळही उगवले नव्हते.

त्रिशलाबाई उकिडव्या बसल्या, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. त्यांचा चेहरा लख्ख उजळला होता. "आमच्याकडे मीठखाऊ जिवाणूंची एक जात आहे. ते क्षार बांधून ठेवतात, पण फार सावकाश. वर्षाला बोटभर खोल जातात. मुळांपर्यंत पोचायला चाळीस वर्षं तरी. आजवर कुणी हे करून बघितलंच नाही. शास्त्रज्ञाची नोकरी तीस वर्षांची आणि अनुदान तीन वर्षांचं. इतकं हळू काम करायला माणूस पुरत नव्हता."

"आणि पावसात?" भरतरावांनी विचारले. "वरून पाणी मुरलं की खालचं चढणार आणि परत क्षार वर आणणार."

"हो ना. तिथंच अडलंय."

भरतराव बांधापर्यंत चालत गेले. उतार पाहिला. नदीकडची बाजू पाहिली. मग एक काटकी उचलून पांढऱ्या पापुद्र्यावर रेघा मारू लागले. "पुरुषभर खाली भोकं पाडलेले पाइप टाकायचे. माशाच्या काट्यासारखे. मधली नळी इकडून काढायची. नदीत नाही सोडायचं पाणी, नाहीतर खालच्या गावाच्या माथी आपलं मीठ. इथं तळं करायचं, वाळवायचं..." बराच वेळ ते वाकूनच होते. मान वर केली तेव्हा दोघी त्यांच्याकडे पाहत होत्या.

"हे चालेल का?" त्रिशलाबाईंनी विचारले.

"चालेल का ते दहा पावसाळे बघितल्याशिवाय कसं सांगणार?" ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना मागाहून ऐकू आल्यासारखे झाले.

खर्चाचे बोलणे निघाले. पाइप, तळे, जमिनीचे पैसे, सगळे मिळून साठवणीतला मोठा लचका जाणार होता. भरतरावांच्या डोळ्यांपुढे नारिंगी रेघ आली. ती आता आणखीच लवकर तळाला टेकणार होती. पूर्वी ते तिथेच हिशेब मांडून बसले असते. आज त्यांना तो प्रश्न ऐकीव वाटला, दुसऱ्या कोणाचा तरी.

"मी पगार घेणार आहे विद्यापीठाचा," त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या. "लहान आहे. पण माझा पहिला."

"जमीन विकायची नाही मला," राजश्री म्हणाली. "करारानं देते."

"पन्नास वर्षं तरी लागतील," त्रिशलाबाई म्हणाल्या.

राजश्री त्रिशलाबाईंकडे वळली. "राग मानू नका काकू, पण एक बोलू? आमच्या खात्यात वरची जागा रिकामी व्हायची मी सहा वर्षं वाट बघतेय. त्या खुर्चीवरचे साहेब निवृत्तीला आले होते. उजळणी घेऊन आले. आता माझ्यापेक्षा तेच तरतरीत दिसतात. घर घ्यायला गेले, तर जो तो म्हणतो, आम्हालाच अजून सत्तर वर्षं राहायचंय. लोक म्हणतात, तुमच्यासारख्यांचे डॉलर आता काही फार नाहीत. मला ते पटत नाही. तुम्ही श्रीमंतच आहात. पैशामुळं नाही. तुम्ही आधी आलात म्हणून. सगळ्या जागा तुम्ही धरून बसलाय आणि आता उठणार नाही."

वारा आला. पांढरी धूळ उठून खाली बसली. खोटे काही बोलावे, असे भरतरावांना वाटले नाही.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "म्हणून तर विकू नकोस. आमच्याकडून जमीन परत घ्यायचा हक्क तुझा राहू दे."

राजश्रीने त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिले. मग मोटारसायकलच्या डिकीतून करार आणला आणि इंधनाच्या टाकीवर पसरला. मुदतीची जागा कोरी होती. तिने स्वतःच्या हाताने तिथे लिहिले: पंचावन्न वर्षे.

"आजोबा सांगायचे, पन्नास वर्षांवरचा करार म्हणजे जमीन कायमची गेली असं समजायचं. करणारेही मरायचे, करून घेणारेही. आता तसं नाही. मी वेळेवर उजळणी घेणार. तेव्हा मी नव्वदीच्या आसपास असेन, आणि त्या दिवशी सकाळी याच बांधावर येऊन उभी राहीन. मला गहू दिसला पाहिजे इथं."

तिने पेन भरतरावांच्या हातात दिले. पैसे त्यांच्या नावावर होते, सही त्यांचीच लागणार होती. त्यांनी हात कागदावर टेकला. हातावरच्या निळ्या शिरा, मनगटावरचे डाग आणि डोक्यावरचे पांढरे केस, सगळे तिने पाहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या त्रिशलाबाईंच्या काळ्याभोर केसांकडे पाहिले.

"काकू असतील, ते दिसतंय," राजश्री म्हणाली. "पण सही तुमची आहे, काका. जमीन माझ्या ताब्यात द्यायला त्या दिवशी तुम्ही येणार आहात ना?"